भ चं उघडं डोकं

१२ एप्रिल २०१४, शनिवार

ओजिमाच्या बागेत आज इथल्या भारतीयांचा वसंताचा मेळा होता. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण लेकाने, ओजसने हट्ट धरला म्हणून गेले. म्हणजे नवऱ्याला, शैलेंद्रला तसं सांगितलं. वहीत तरी खरं लिहावं. कश्मिराच्या स्टॉलवर किती गर्दी आहे ते मला बघायचं होतं.

गर्दी होती. सामोशांपेक्षा तिच्याकडे रांग मोठी. "तुमचं नाव भारतीय अक्षरांत" असा जपानी बोर्ड, आणि मागे बाई बसलेल्या, हिरवा कुर्ता, केसांत ब्रश खोचलेला. समोरच्याने नाव सांगायचं, हिने हसायचं, दोन फटकाऱ्यांत लिहायचं, की समोरचा "सुगोई!" असं किंचाळणार. सुगोई म्हणे, अप्रतिम! त्या कागदावरचा 'क' पाठीत वाकलेला, 'ण' लंगडा, शिरोरेघ अशी की दोरीवर कपडे वाळत घातलेत. आणि लोक ती फ्रेम करून घरात लावणार!

मला बघितल्याबरोबर ती उठून उभी राहिली. सगळ्या रांगेसमोर मोठ्याने म्हणाली, "ही माझी सेन्सेई! ब्रश कसा धरायचा ते मला ताईंनी शिकवलं." रांगेतल्या आज्यांनी वाकून मला नमस्कार केला. काय करणार, मीही वाकले. मुद्दाम करते ती हे. मला म्हाताऱ्यांत बसवून टाकायचं म्हणजे प्रश्न मिटला.

शिकवलं हे खरं आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा रडकुंडीला आली होती घरात बसून. तिचा नवरा रणजित शैलेंद्रच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणून शैलेंद्र म्हणाला, जरा बोलाव तिला. आमच्या उरायासुच्या घरातल्या स्वयंपाकघरात बसवून मी तिला अक्षरं शिकवली. वेळ जावा म्हणून. करिअर करावं म्हणून नव्हे.

मी पाच वर्षं कला महाविद्यालयात घासली, त्यानंतर मुंबईत मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरची नावं काढण्यात उमेदीची वर्षं गेली. आत चौथ्या पानावर चित्रकाराचं नाव असायचं. अक्षरांचं कुणाचंच नाही. अक्षरं आपोआप उगवतात असं प्रकाशकांना वाटत असावं. इथे येऊन काय, तर मसाल्याच्या पाकिटांवर 'हळद' आणि करीच्या हॉटेलांची मेनूकार्डं. तिथेही नाव नाही. आणि ही दोन वर्षांत "कश्मिरासान". टीव्हीवरसुद्धा येऊन गेली, सकाळच्या कार्यक्रमात, हवामानाच्या आधी.

ओजसने तिच्याकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं. घरात आई असताना! म्हणाला, "मामा नो वा ओसोई." आईला फार वेळ लागतो.

२० एप्रिल, रविवार

बातमी कळली. रणजितने शैलेंद्रला सांगितली, शैलेंद्रने मला, चहात बिस्किट बुडवत, जसं काही पाऊस पडणार आहे.

मियागीतल्या एका छोट्या बंदरावर ऑगस्टमध्ये उत्सव आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्सुनामीत तिथल्या बहुतेक बोटी गेल्या, आता नव्या आल्यात. तिथे मासेमारीच्या बोटींवर मोठे रंगीत झेंडे लावायची पद्धत आहे, तायऱ्योबाता म्हणतात, भरपूर मासळी मिळाली की फडकवायचे. या वेळी प्रत्येक बोटीवर जगातल्या एकेका भाषेतला समुद्राचा एक शब्द. मराठीचा झेंडा कश्मिरा करणार.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण हे काम माझं आहे! ओनोदेरासान म्हणून त्या उत्सवाच्या बाई आहेत, त्यांनी जानेवारीत मला मेल केली होती. पहिल्यांदा मला. मसाल्याच्या कंपनीकडून माझा पत्ता मिळवून.

मी काही लगेच हो म्हणणाऱ्यातली नाही. मी नीट उत्तर दिलं. कापड आधी हातात घेऊन बघावं लागेल. रंगारी कोण आहे, त्याला देवनागरी समजावून सांगावी लागेल, निदान आठ-दहा महिने हवेत, ऑगस्टची घाई करू नये. आणि अक्षरकाराचं नाव जपानी कलावंतांच्या नावांइतक्याच मोठ्या टाइपात हवं. यात चूक काय आहे? ज्याला काम कळतं तो असंच लिहिणार. त्यांचं उत्तर आलं, फार नम्र, "केन्तो शिमासु." विचार करतो. मी तेव्हापासून वाट बघते आहे.

हे आज सांगितलं तर शैलेंद्र म्हणाला, "अगं, 'केन्तो' म्हणजे नाही. आमच्याकडे बजेट मागितलं की हेच ऐकू येतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस!"

तेही खरं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. झाल्यावर सांगणार होते. म्हणजे मी विचाराची वाट बघत बसले आणि त्या बाई ओजिमाच्या मेळ्यात जाऊन हिच्या रांगेत उभ्या राहिल्या. ही म्हणाली असेल, "हो हो, करते की!" कापड सुती की रेशमी हेसुद्धा विचारलं नसेल.

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. आज कचऱ्यात प्लास्टिक आणि कागद एकत्र टाकलं, तर खालच्या आजींनी पिशवी परत दारात आणून ठेवली. आजचा दिवसच तसला.

६ मे, मंगळवार, सुट्टी

कश्मिरा आली होती. गुंडाळी काखेत, हातात मोदकांचा डबा. मोदक उकडीचे, तांदळाची पिठी इचिकावाहून शोधून आणलेली. कळ्या सुरेख पडल्या होत्या. हेही हिला यायला हवंच का?

"ताई, तुम्ही बघा ना जरा. मी 'समुद्र' घेतलाय. पण जमत नाहीये. 'द्र'पाशी गोळा होतोय नुसता."

मी बोलणार नव्हते. ठरवलं होतं. पण तो 'द्र' असा काही पोट धरून बसला होता की राहवेना. "समुद्र काय घेतेस, शाळेच्या निबंधासारखा? कोळ्यांना समुद्र शिकवणार का तू? 'भरती' घे. तीन अक्षरं, शेवटी वेलांटी, झेंड्यावर छान पसरतील. भरती म्हणजे भरणं. पाणीही भरतं, बोटही भरते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग टेबलावरच कागद पसरून लिहायला लागली. मी तिला 'भ'बद्दल परत सांगितलं, पहिल्या महिन्यात सांगितलं होतं तेच. 'भ'चं डोकं उघडं ठेवायचं. शिरोरेघ डावीकडे तोडायची म्हणजे तोडायची. तुझ्या ब्रशमध्ये 'भ'ची गाठ एवढीशी येते, त्यामुळे ती फटच काय ती ओळख. रेघ जोडलीस की 'म' झालाच म्हणून समज.

"हो, 'भ'चं डोकं उघडं," ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली आणि लिहिलं.

आणि काय सांगू. चांगलं आलं. वेलांटी 'त'वरून अशी वळून आली की लाटच मागे वळतेय. मी आयुष्यात अशी वेलांटी काढलेली नाही. मी चारशे वेळा मोजमाप करून काढते, ती सरळ येते, शहाणी येते, आणि तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. शब्द माझा, 'भ' माझा, आणि वेलांटी मात्र हिची!

जाताना म्हणाली, "ओनोदेरासानना मी सांगितलंय, ताईंना कान्शू करा. देखरेख तुमची म्हणून."

मी म्हटलं, "काही गरज नाही." कान्शू म्हणजे निवृत्त प्राध्यापकांना देतात ते. काम दुसऱ्याने करायचं आणि ह्यांनी खुर्चीत बसून मान डोलवायची. दया दाखवते मला. मोदक सगळे मीच खाल्ले.

२ जून, सोमवार

दुपारी फोनवर, लाईन ॲपवर, कश्मिराने पाठवलेला फोटो आला. रंगाऱ्याने झेंड्याच्या मापाचा कागदी नमुना काढलाय, त्याचा. हा कागद कापून त्यावरून कापडावर चिकट पिठाचा लेप लावतात, लेपाखालचं पांढरं राहतं, बाकी रंगतं. एकदा रंगलं की बदल नाही. खाली तिचा मेसेज: "ताई, उद्या सकाळी कापायला घेणार आहेत. माझी नजर इतकी बसलीये की मला आता काहीच दिसत नाही. तुम्ही एकदा बघा ना. तुम्ही हो म्हणालात की मी त्यांना हो कळवते."

फोटो मोठा करून बघितला. निळ्या समुद्रावर लाल सूर्य, एक ढोमा मासा, आणि मध्ये अक्षरं.

बघितल्याक्षणी दिसलं. रंगाऱ्याने फट बुजवली आहे. त्याला वाटलं असणार ब्रश अडखळला, रेघ तुटली, तर बिचाऱ्याने सुबक जोडून दिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. गाठ त्या जाड रेघेत बुडाली. 'भ'चा 'म' झालाय.

मरती.

मी फोन ठेवला आणि कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, वरण घोटलं, परत फोन घेतला. ती अजून वाट बघत होती. नंतर आणखी एक मेसेज आलेला: "घाई नाही हं ताई, तुमचं जेवण होऊ दे."

मी लिहिलं, "छान झालंय. पाठव."

३ जून, मंगळवार

मी काही केलेलं नाही. रंगाऱ्याने केलंय, आणि तिने बघितलेलं नाही. टीव्हीवर जाणारीला स्वतःच्या 'भ'ची फट दिसू नये? मी देखरेख करायला 'नाही' म्हटलं होतं, स्पष्ट म्हटलं होतं. मग तपासायची जबाबदारी माझी कशी?

आणि तिथे मराठी वाचणार कोण आहे? मासे?

पण मला वाटतंय, कुणीतरी वाचावं. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी फोटो दाखवावा आणि हसावं. एकदाच. फार नाही. "अरेच्चा, हे काय लिहिलंय कश्मिराने!" असं कुणीतरी म्हणावं आणि कुणीतरी म्हणावं, "नीलिमाताईंनी केलं असतं तर असं झालं नसतं." मग मी म्हणेन, "जाऊ दे रे, होतं एखाद्या वेळी."

हे मी मनात इतक्यांदा म्हणून बघितलंय की दुपारी भाजीवाल्याला सुट्टे पैसे देताना तेच तोंडात आलं.

२५ जून, बुधवार

टपालाने जाड पाकीट आलं. ओनोदेरासानचं. उत्सवाची पुस्तिका, गुळगुळीत कागद, प्रत्येक झेंड्याला एक अख्खं पान.

मराठीच्या पानावर निळा झेंडा, तयार होऊन काठीवर चढलेला. खाली नावं. अक्षरं: कश्मिरा. देखरेख: नीलिमा. दोन्ही सारख्या टाइपात. जपानी कलावंतांच्या नावांइतक्याच मोठ्या.

मी 'नाही' म्हटलं होतं तरी तिने घालायला लावलं. खाली दोन ओळी जपानीत, शैलेंद्रकडून वाचून घेतल्या. "हा शब्द नीलिमा यांनी सुचवला. मुंबईत मराठी पुस्तकांसाठी अनेक वर्षं अक्षरं काढणाऱ्या कलावंत."

"वा!" शैलेंद्र म्हणाला. "बाईसाहेब छापून आल्या! हे फ्रेम करायला हवं." खरंच आनंद झाला होता त्याला. ओजसलासुद्धा वाचून दाखवलं. ओजसने "मामा, सुगोई" म्हटलं. त्या मुलाने मला पहिल्यांदाच म्हटलं ते.

छापलेलं माझं नाव आज मी प्रथम बघितलं. एक्केचाळिसाव्या वर्षी. बोट फिरवून बघितलं. आणि त्याच्या बरोबर वर, अंगठ्याएवढ्या फोटोतसुद्धा स्वच्छ दिसतंय. मरती. देखरेख: नीलिमा.

हिने हे मला आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी... काय केलं असतं ते माहीत नाही. चिडले असते बहुधा.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

५ जुलै, शनिवार

तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला. झेंडा रंगून झालाय. आता सांगून करायचं काय? "मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं" असं कोणत्या तोंडाने सांगू? कश्मिराने सर्वांसाठी उत्सवाला जायची शिंकानसेन गाडीची तिकिटं काढलीत. खिडकीची जागा मला.

कुणी वाचणार नाही. देवा, कुणी वाचू नये.

२ ऑगस्ट, शनिवार

सेंडाईपर्यंत शिंकानसेन, पुढे बस. रूळ अजून सगळीकडे परत आलेले नाहीत. वाटेत ट्रकच ट्रक, जमीन उंच करायचं काम चाललंय, तपकिरी मातीचे ढीग. घरं जिथे होती तिथे नुसते चौथरे. शैलेंद्र भूगर्भातल्या मातीवर बोलत होता, मग बोलायचा थांबला.

बंदरावर मात्र जत्रा होती. भाजलेली कालवं, ढोल, आणि बोटींवर झेंडे, लाल, पिवळे, निळे. आमचा झेंडा ओइकावासान म्हणून एका म्हाताऱ्या कोळ्याच्या नव्या बोटीवर. त्यांचा धाकटा भाऊ त्सुनामीच्या दिवशी बोट वाचवायला खोल पाण्यात घेऊन गेला, तो परत आला नाही. ते त्यांनी स्वतः नाही सांगितलं, ओनोदेरासाननी हळूच सांगितलं.

ओइकावासान मात्र खुशीत होते. त्यांनी शब्द पाठ केला होता. "बारुती," म्हणाले. "बारुती. बोट भरते." कश्मिराने टाळ्या वाजवल्या. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

मग ओनोदेरासान माइकवर एकेका बोटीची ओळख करून द्यायला लागल्या. आमची पाळी आली. "अक्षरं, कश्मिरासान. देखरेख, नीलिमासेन्सेई." टाळ्या. शे-दीडशे माणसं माझ्याकडे वळली. सेन्सेई म्हटलं मला माइकवर. एका क्षणासाठी, खरं सांगते, एकाच क्षणासाठी मला सगळ्याचा विसर पडला आणि छान वाटलं.

आणि मागून आवाज आला, खणखणीत, सांगलीचा. "अहो, पण हे 'मरती' काय लिहिलंय? कोण मरती?"

चारुदत्त. सेंडाईच्या विद्यापीठात पीएचडी करतो. कश्मिरानेच बोलावलं होतं त्याला, आपला झेंडा बघायला मराठी माणसं असावीत म्हणून. हसत होता तो. मनात काही नाही त्याच्या. ओनोदेरासाननी विचारलं, काय म्हणालात? आणि त्या शहाण्याने उत्तम जपानीत समजावलं. मध्ये एक फट हवी होती, ती नाही, त्यामुळे आता याचा अर्थ होतो, "शिनिमासु." मरतात.

ढोल अजून वाजत होते. ओइकावासानचं हसू गेलं नाही, तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त खाली काही उरलं नाही.

कश्मिरा झेंड्याकडे बघत होती. मला दिसलं तिला कधी दिसलं ते. तिचा हात तोंडावर गेला. मग तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. आणि पुढे जाऊन ओइकावासानपुढे कमरेत वाकली, अशी की केस जमिनीला लागले.

"चूक पूर्णपणे माझी आहे," जपानीत म्हणाली. "नीलिमासेन्सेईंनी माझं मूळ चित्र तपासलं होतं, त्यात बरोबर होतं. नंतर मी बघितलं नाही."

मीही वाकले. मान खाली घालून उभी राहिले. तोंड उघडलं नाही. माझं तोंड उघडलंच नाही.

ओइकावासान "दाइजोबु, दाइजोबु" म्हणत राहिले. काही नाही, काही नाही. मग बोटीवर चढले, दोरी सोडली, झेंडा उतरवला, लहान मुलाच्या कपड्यांची करावी तशी त्याची घडी केली आणि तो ओनोदेरासानच्या हातात दिला. वर आमचीच माफी मागितली. "हा मला लावता यायचा नाही. सुमिमासेन."

बोटी समुद्रात गेल्या तेव्हा सगळ्यांवर झेंडे होते. ओइकावासानच्या बोटीवर नुसती काठी.

कुणीतरी हसावं असं मला वाटत होतं. चारुदत्त एकटाच हसला होता आणि तोसुद्धा नंतर कालवांच्या स्टॉलमागे जाऊन उभा राहिला.

३ ऑगस्ट, रविवार

परतीच्या गाडीत कश्मिरा माझ्या शेजारी बसली. रणजित आणि शैलेंद्र पलीकडे, झोपल्याचं नाटक करत. ओजस खरंच झोपला होता.

तिचे डोळे सुजले होते. मला वाटलं, आता विचारेल. विचारावं असं वाटत होतं आणि विचारू नये असंही. माझं उत्तर तयार होतं: फोटो लहान होता, नीट दिसलं नाही, चष्मा नव्हता.

तिने विचारलंच नाही. म्हणाली, "ताई, काळजी करू नका. ओनोदेरासान पुस्तिकेत एक दुरुस्तीचा कागद घालणार आहेत. मी त्यांना सांगितलं, चूक माझ्या नावावर लिहा आणि ताईंचं नाव देखरेखीतून काढून टाका. तुमचं नाव कशाला खराब व्हायचं. इतक्या वर्षांनी आलेलं."

मी म्हटलं, "अगं, पण..."

"आणि तो मेसेज मी माझ्या फोनमधून काढून टाकलाय," ती म्हणाली. "उगीच कुणाच्या नजरेला पडायला नको."

मग तिने पर्समधून चिक्की काढली आणि अर्धी मला दिली. मी खाल्ली.

कोणता मेसेज, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. तिला कळलंय का? की ती खरंच इतकी भाबडी आहे? घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. भाबडी असेल तर बरं. पण भाबडी माणसं मेसेज कशाला काढून टाकतील?

शैलेंद्रने रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "मोठी आहे हं ती पोरगी मनाने." मी त्याच्या वाटीत आणखी आमटी वाढली.

५ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस नुसती जळते आहे. आणि कशावर जळते आहे ते आज भांडी घासताना कळलं, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं.

तिचा स्टॉल गेला खड्ड्यात. तिची वेलांटी गेली खड्ड्यात. तिने सगळ्यांसमोर वाकून चूक अंगावर घेतली, आणि ती चूक तिची नव्हती, माझी होती! तिने तीही घेतली. माझा शब्द घेतला, 'भ' घेतला, आता चूकसुद्धा हिच्याच नावावर छापून येणार, आणि लोक म्हणणार, काय मोठ्या मनाची मुलगी आहे. आणि माझं नाव? ते तिने प्रेमाने खोडलं. कोऱ्या जागेसारखं. परत चौथ्या पानासारखं, कुणी काढलंय कुणास ठाऊक.

नाही म्हणजे नाही. फार झालं.

ओनोदेरासानला फोन केला. माझं जपानी रागात बरं येतं. म्हटलं, "दुरुस्तीच्या कागदावर माझं नाव हवंय."

त्या गोंधळल्या. "पण कश्मिरासान म्हणाल्या की तुमचा काही..."

"कश्मिरासान खोटं बोलल्या. तिने जून महिन्यात मला तो कागदी नमुना दाखवला होता. फट बुजलेली मला दिसली होती. दिसून मी 'छान आहे, पाठव' म्हटलं."

मला वाटलं, आता म्हणतील, केन्तो शिमासु. मग त्यांनी विचारलं, "का?"

जपानीत त्याला शब्द आहे, मला माहीत आहे. तो वापरला. शित्तो, मत्सर. तोंडातून निघाला तेव्हा इतका लहान वाटला, दोनच अक्षरांएवढा.

ओनोदेरासान म्हणाल्या, "मला हे ओइकावासाननाही सांगावं लागेल. आणि कश्मिरासानना."

"सांगा." मी खाली बसले, सिंकला टेकून.

मग त्यांनी विचारलं, नवा झेंडा शरद ऋतूत करायचा आहे, त्यावर कश्मिरासानच अक्षरं काढणार, तर मला त्याबद्दल काही म्हणायचं आहे का. म्हटलं, नाही. तिची वेलांटी चांगली आहे. हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा कुणापुढे निघाले, आणि निघताना दाढ काढल्यासारखं दुखलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. कागद सरकवल्याचा आवाज आला. "मग कागदावर असं लिहिते, अक्षर तपासण्यात चूक, आणि पुढे तुमचं नाव. नाव कसं लिहायचं? मागच्या वेळी आम्ही 'निरिमा' असं लिहिलं होतं, ते बरोबर आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "नी दीर्घ आहे."